पाचवं मत आणि चार टायर

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरला टक्कल पडलं आहे, हे आधी पंक्चरवाल्याने पाहिलं, मग नवऱ्याने आणि मग मी. पाहणाऱ्यांची यादी तिथेच संपली असती तर ही कथा लिहायची वेळ आली नसती.

"चारही बदलून टाकू," नवरा म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम."

मी विश्वास ठेवला. (लग्नाला चार महिने झाले होते. त्या काळात माणूस ठेवतो.)

घाई होती, कारण पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं समुद्रावर जाणार होतो. दोन दिवस. दोघंच. लग्न झाल्याझाल्या जायचं होतं, पण आधी नवऱ्याच्या ऑफिसात कसलंसं मोठं काम निघालं, मग नणंदेची परीक्षा आली आणि ती उरकते न उरकते तोच सासऱ्यांच्या मोतीबिंदूचा नंबर लागला. चार महिन्यांत आम्हा दोघांचं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलेलं नाही. खोलीचं दार जरा लोटलं की घरातल्या कोणाला तरी इस्त्री हवी असते आणि घराची इस्त्री आमच्याच कपाटात राहते. आता समुद्राकडे तोंड असलेली खोली ठरली होती. मी गुपचूप एक टोपीसुद्धा घेतली होती, रुंद कडेची, निळ्या रिबिनीची. ती कपाटावर बॅगेमागे लपवून ठेवली होती आणि दिवसातून एकदा तिथे आहे ना, हे स्टुलावर चढून बघत होते. मधे आडवे आले होते फक्त टायर. गुळगुळीत टायरांवर घाट उतरायचा नाही, हे मलाही पटत होतं.

पण आमच्या घरात अर्ध्या तासाचं काम नसतं. सासरे तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत सभांची इतिवृत्तं लिहीत होते. निवृत्त झाल्यावर सभा संपल्या, पण हात थांबेना. म्हणून त्यांनी घरातच सभा सुरू केली. घरात काहीही घ्यायचं, बदलायचं किंवा फेकायचं असलं की जेवणाच्या टेबलावर प्रस्ताव, चर्चा आणि हात वर. निर्णय वहीत. माणसं चार, आणि दर वेळी दोन विरुद्ध दोन. त्यामुळे नऊ वर्षं जुना टीव्ही गेला नव्हता, सोफ्याचं फाटकं कव्हर बदललं नव्हतं आणि दाराच्या बेलचं भिजत घोंगडं तीन वर्षं पडलं होतं. पाहुणे दार बडवायचे.

लग्न ठरताना आम्ही पहिल्यांदा एकटे भेटलो, तेव्हा नवरा हळूच म्हणाला होता, "आमच्या घरात तुझी फार गरज आहे." मी लाजले होते. मैत्रिणींना चार-चारदा सांगितलं होतं. ती गरज कसली, हे लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कळलं. सासऱ्यांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सूनबाई, आता घरात पाच मतं. बेलचा विषय घेऊ."

मी बावळटासारखी हात वर करून बसले. बेल बसली. ती दाबली की एक पक्षी ओरडतो, आणि तो कुठला पक्षी आहे हे अजून कोणाला ओळखता आलेलं नाही. हरलेली बाजू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. जिंकलेल्या बाजूलाही तो आवाज आवडला नाही, म्हणून तिसऱ्या दिवसापासून तीही बोलेना. आजही बेल वाजली की चौघं माझ्याकडे बघतात.

तेव्हापासून मी एकच शब्द वापरते. "हं." याने कोणी दुखावत नाही. मी ग्रंथालयात काम करते, गप्प बसण्याचाच पगार घेते, त्यामुळे मला हे जड जात नाही. आपण ताकास तूर लागू देत नाही आहोत, असा माझा समज होता.

प्रचार सोमवारी, ग्रंथालयाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी सुरू झाला. पहिले सासरे आले. हातात माझ्यासाठी चहाचा कप होता, त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

"सूनबाई, टायर मूळ मापाचेच हवेत," ते म्हणाले. "कंपनीतल्या इंजिनियरांनी विचार करून माप दिलंय, ते काय वेडे होते? आणि टायर ताजा पाहिजे. त्याच्या अंगावर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. जन्मतारीखच म्हण. आपण माणसाची पाहतो, तर टायरची का नको?"

"हं," मी म्हणाले.

"मला वाटलंच, तू समंजस आहेस," असं म्हणून ते गेले. चहा अर्धाच होता. उरलेला त्यांनी येता येता घेतला असावा.

दुपारी सासूबाईंनी मला लसूण सोलायला बसवलं. घरात लसूण सोललेला होता.

"अगं, तुझ्या मामेसासऱ्यांनी ऐंशी हजार किलोमीटर एकाच जोडीवर काढलेत," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "कडक टायर घ्यायचा. बोटाने दाबला तर बोट दुखलं पाहिजे. हे बाकीचे लोण्यासारखे घेऊन येतील."

(मामेसासरे चाळीसच्या पुढे गाडी नेत नाहीत. त्यांच्या मागून चालत गेलेली माणसं मला माहीत आहेत. पण हे मी बोलले नाही.)

"हं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मला भरून आलं, ते लसणामुळे नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवर नणंद गाठ पडली. ती भौतिकशास्त्र शिकते आणि घरातल्या कोणालाही काहीही कळत नाही, यावर तिची गाढ श्रद्धा आहे.

"वहिनी, कडक टायर म्हणजे शुद्ध आत्महत्या. ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारा टायर हवा, आणि आवाज न करणारा. आईबाबांना यातलं काही समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. दादाचं तर विचारूच नकोस. तू तरी माझ्या बाजूने आहेस ना?"

"हं."

"तुझ्याशी बोलून किती बरं वाटतं गं!" ती म्हणाली. मी त्या दिवशी तिच्याशी दीड अक्षर बोलले होते.

राहिला नवरा. त्याने खोलीचं दार लावलं. माझ्या मनात उगाच काहीतरी आलं. त्याने खिशातून फोन काढला आणि मला वीस मिनिटं रुंद टायरांचे व्हिडिओ दाखवले.

"एक माप मोठे टाकले ना, की गाडी बघ कशी बसते रस्त्यावर! आपली गाडी मागून उंदरासारखी दिसते. समुद्रावर जाताना जरा ऐट नको?"

'आपली' आणि 'समुद्रावर' हे दोन शब्द एकाच श्वासात आले, म्हणून मी विरघळले. "हं," म्हणाले. यावेळचं 'हं' जरा लांब होतं. तेवढ्यात दार वाजलं. सासऱ्यांना इस्त्री हवी होती.

मंगळवारी सभा भरली. सासऱ्यांनी वहीत विषय लिहिला, "वाहनाची चाके (बाह्य रबर)", आणि चारही पर्याय वाचून दाखवले. मग मतदान. मूळ मापाचा ताजा टायर, हात वर एक. कडक, एक. ओल्या रस्त्याचा, एक. रुंद, एक. आणि मग चारही चेहरे माझ्याकडे वळले, निकाल आधीच कळलेल्या उमेदवारासारखे प्रसन्न.

इकडे आड तिकडे विहीर असती तरी चाललं असतं. मला चारही बाजूंनी विहिरी होत्या आणि प्रत्येकीच्या काठावर माझं एकेक 'हं' ठेवलेलं होतं.

"मला वाटतं," मी म्हणाले, "सगळ्यांचंच बरोबर आहे."

"म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "लसूण सोलताना तर..."

"कुठला लसूण?" नणंद म्हणाली. "वहिनी, गच्चीवर तू..."

"एक मिनिट," नवरा म्हणाला. "काल खोलीत ती मला हो म्हणालीये."

"मी चहा नेऊन दिला तिला!" सासरे ओरडले.

पुढची पंधरा मिनिटं मी मिठाच्या बरणीकडे बघत बसले. सुटका सासऱ्यांनीच केली. तीस वर्षांत त्यांनी असल्या कोंड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी पेनाचं टोपण टेबलावर टकटक वाजवलं.

"चाकं किती?"

"चार," नणंद म्हणाली. शास्त्रीय प्रश्नांना ती लगेच उत्तर देते.

"पर्याय किती?"

मग एकेकाचा चेहरा उजळत गेला. मला वाटलं, हे चेष्टा करताहेत. पण सासऱ्यांनी वहीत लिहायला घेतलं होतं. प्रत्येकाने एक चाक निवडायचं आणि आपल्या पसंतीचा टायर घालायचा. एकमताने मंजूर. घराच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव! सासूबाईंनी गोड केलं.

"आणि वहिनी?" नणंदेला माझी आठवण झाली. "तिने काय निवडायचं?"

सासरे क्षणभर विचारात पडले. मग माझ्याकडे बघून मायेने म्हणाले, "सूनबाईला स्टेपनी."

तसं लिहिलंही. सही मीच केली.

बुधवारी संध्याकाळी आम्ही पाचही जण टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार कानाला पेन्सिल लावून, टायरांच्या चळतीवर पाय सोडून बसला होता. सासऱ्यांनी त्याला वहीतला ठराव वाचून दाखवला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग पेन्सिल काढली, परत लावली.

"काका, पुन्हा एकदा सांगता?"

सासऱ्यांनी पुन्हा वाचलं.

"ताई," तो माझ्याकडे वळला. सगळे शेवटी माझ्याकडेच का वळतात, हे मला समजत नाही. "ही गाडी चालवायचीये की नमुने ठेवायचेत? समोरची दोन चाकं दोन तऱ्हेची असली, तर ब्रेक दाबल्यावर कुठे जायचं ते गाडी ठरवणार. तुम्ही नाही."

"आमच्याकडे कोणीच एकट्याने ठरवत नाही," नवरा म्हणाला.

"ते दिसतंय. निदान पुढची जोडी एक आणि मागची जोडी एक ठेवा. नाहीतर मी बसवणार नाही. रस्त्यात काही झालं तर लोक विचारतील, टायर कुणी घातले?"

"म्हणजे युती करावी लागणार," सासरे म्हणाले आणि त्यांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात एक जुनी चमक आली.

त्या दिवशी टायर झाले नाहीत. गुरुवारभर वाटाघाटी झाल्या. सासूबाई आणि नवरा एकत्र आले, तुटले. नणंद आणि सासरे एकत्र आले, पण पुढची जोडी कोणाची यावरून घोडं अडलं. प्रत्येकाला पुढची हवी होती, कारण मागे बसणं म्हणजे हरणं. रात्रीच्या जेवणाला कोणी कोणाला वाढलं नाही. झोपण्यापूर्वी नवरा उशीला टेकून म्हणाला, "असं कर, समुद्राचं पुढच्या महिन्यात बघू. तोवर बाबा आणि आई काहीतरी..."

मी दिवा मालवला. पुढचा महिना म्हणजे काय असतो, हे मला बेलवरून माहीत होतं. डोळ्यांसमोर ती टोपी आली. रिबीन अजून एकदाही वाऱ्यावर उडाली नव्हती.

शुक्रवारी माझी अर्धी सुट्टी होती. घरी आले तर सासूसासरे दोन वेगवेगळ्या खोल्यांत झोपले होते, नणंद कॉलेजात आणि नवरा ऑफिसात. मी खुंटीवरची किल्ली घेतली, गाडी काढली आणि दुकानात गेले. (मला गाडी चालवता येते. सहा वर्षं झाली. लग्न ठरताना मला उंची विचारली, चष्म्याचा नंबर विचारला, पोहता येतं का हेही विचारलं. हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

"चार टायर," मी दुकानदाराला म्हणाले. "चारही एकसारखे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे माप आहे, ते. तुम्ही स्वतःच्या गाडीला कुठले घालाल, ते द्या."

तो उठलासुद्धा नाही. ज्या चळतीवर बसला होता, तिच्यावरच थाप मारली. "हे. शेवटी सगळे हेच नेतात. घरी विचारलंत ना, ताई?"

"हं," मी म्हणाले.

पस्तीस मिनिटं लागली. पाच मिनिटं जास्त, ती त्याने चाकं सरळ करण्यात घालवली. पैसे मी माझ्या पगारातून दिले आणि परत येताना, आयुष्यात काहीतरी केल्यासारखी, गाडीत एकटीच मोठ्याने गायले.

फाटकाशी चौघंही उभे होते. गाडी चोरीला गेली म्हणून शेजारीपाजारी सांगून झालं होतं, नवऱ्याला ऑफिसातून आणि नणंदेला कॉलेजातून बोलावूनही घेतलं होतं. मी उतरले. मला गाडी येते याचं नवल करायला कोणाला वेळ नव्हता. सगळ्यांचे डोळे खाली, चाकांवर.

सासरे आधी वाकले. टायरवरचे आकडे त्यांनी बोटाने वाचले. "मूळ माप. आणि अवघा दीड महिन्याचा! सूनबाई, शेवटी माझंच ऐकलंस."

"हं."

सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने जाऊन टायर बोटाने दाबला आणि बोट झटकलं. "आई गं! कडक आहे हो." मग माझ्या कानाशी येऊन, "बाकीच्यांना सांगू नकोस."

"हं."

"येताना अजिबात आवाज आला नाही," नणंद कुजबुजली. "मी कान देऊनच होते. थँक्यू, वहिनी."

"हं."

नवरा गाडीच्या मागे जाऊन एक डोळा मिटून उभा राहिला. नव्या टायरचे काठ कोरे होते, रबर काळंभोर होतं. इतके दिवस टकलं बघितलेल्या माणसाला कुठलेही नवे टायर रुंदच दिसले असते. "रुंद वाटतायत!" तो आनंदाने म्हणाला. "उंदीर गेला!"

"हं," मी म्हणाले आणि आत जाऊन टोपी बॅगेत भरली. एका 'हं'मध्ये चारजण जिंकले होते. मी मुत्सद्दी होते. मी त्या घराला आतून-बाहेरून ओळखलं होतं. अशा विचारात मी रात्री छान झोपले.

शनिवारी सकाळी साडेसहाला बॅग घेऊन बाहेर आले तर चौघं टेबलाशी बसले होते. आंघोळी करून. वही उघडी होती.

"सूनबाई, एक छोटा विषय," सासरे म्हणाले. "नवे टायर पहिल्यांदा लांब निघालेत. मी निवडलेत, तेव्हा ते कसे चालतात हे मी बघायला हवं."

"मी निवडलेत म्हणजे काय?" सासूबाई हसल्या. "घाटात कडकपणा कळतो. मीही येते."

"ओल्या वाळूजवळ पकड तपासता येईल," नणंद म्हणाली. तिच्या पायांत आधीच बूट होते.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझी नजर चुकवत म्हणाला, "गाडी तशी पाच जणांचीच आहे..."

"प्रस्ताव असा," सासऱ्यांनी पेन उघडलं. "सर्वांनी समुद्रावर जावे. बाजूने?"

चार हात वर गेले. नवऱ्याचा जरा वाकडा होता, पण होता.

"विरोधात?"

मी हात वर केला. चार महिन्यांत पहिल्यांदा आपणहून, खांद्यातून पूर्ण. सगळ्यांनी कौतुकाने पाहिलं. सासऱ्यांनी सावकाश लिहिलं, 'विरोधात एक (सूनबाई)', आणि वही मिटली. मंगळवारचा ठराव सोडला तर या घराला चार मतं एका बाजूला कधी मिळाली नव्हती. आता ती मिळाली, ती माझ्याशिवाय.

गाडी नवऱ्याने चालवायला घेतली. शेजारी सासरे, कारण स्टिकर त्यांच्या बाजूच्या दाराला आहे. मागे सासूबाई आणि नणंद खिडकीशी आणि मधल्या उंचवट्यावर गुडघे हनुवटीला लावून मी. ऊन खिडकीतून सासूबाईंच्या डोळ्यांवर येत होतं, म्हणून मी बॅगेतून टोपी काढून दिली. त्यांना ती मला शोभली असती त्यापेक्षा जास्त शोभते. निळी रिबीन वाऱ्यावर उडाली आणि माझ्या तोंडावर आपटत राहिली.

वाटेत पेट्रोल पंपावर हवा बघायला थांबलो. हवावाल्याने नळी हातात घेऊन विचारलं, "किती भरू?"

"स्टिकरवर आहे तितकीच," सासरे म्हणाले.

"थोडी जास्त," सासूबाई म्हणाल्या. "मामा नेहमी जास्त भरतात."

"बाबांचं बरोबर आहे," नणंद म्हणाली.

"आज पाच माणसं आहेत, आईचं बरोबर आहे," नवरा म्हणाला.

दोन विरुद्ध दोन. मग चौघंही हळूहळू वळले. नवऱ्याने आरशात नव्हे, मान पूर्ण मागे वळवून माझ्याकडे पाहिलं आणि त्या पहिल्या भेटीतल्याच आवाजात, तितक्याच हळू म्हणाला, "बोल ना. तुझी फार गरज आहे."

आणि खोटं कशाला सांगू, मी पुन्हा लाजले.

"ताई," हवावाला खिडकीशी वाकून म्हणाला, "लाजून झालं असेल तर, हवा किती?"